कागदावरची तारीख

सोमवार, १७ मे २०२१

दिवसभर वारं थांबलं नाही. तौक्ते वादळ कोकणाच्या कडेकडेनं गुजरातकडे सरकतंय, त्याचा फटकारा आमच्या साताऱ्याकडेही जाणवतोय. आरोग्य केंद्राबाहेर करोना लसीच्या रांगेला सावलीसाठी बांधलेलं कापड सकाळीच सोडून ठेवावं लागलं. त्यामुळे आखलेले चौकोन मोकळे आणि माणसं सगळी व्हरांड्यात, खांद्याला खांदा लावून. जिथं आजारापासून वाचायला यायचं, तिथंच आजार घेऊन जातील की काय, या धास्तीत माझा निम्मा जीव गेला.

शाळा बंद असल्यानं नोंदणीच्या टेबलावर माझी ड्यूटी आहे. आधार बघायचं, मोबाइल नंबर टाकायचा, यादीत खूण करायची. आज लसीच्या पाच वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, आल्या होत्या. एका वायलमध्ये दहा डोस, म्हणजे पन्नास. रांगेत नव्वदच्या आसपास माणसं, आणि त्यातली साठेक दुसऱ्या डोसची. त्या साठांपैकी एकालाही आज लस मिळणार नव्हती, हे मला आठ वाजताच माहीत होतं. त्यांना नव्हतं.

गुरुवारी, १३ तारखेला, कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. काल लसनोंदणीच्या पोर्टलमध्येही तो बदल झाला. ८४ दिवस भरल्याशिवाय दुसऱ्या डोसची नोंद पुढं सरकत नाही. सर्वसामान्य ज्येष्ठांचं लसीकरण सुरूच झालं १ मार्चला, तेव्हा त्यांच्यातल्या पहिल्या माणसाचेही ८४ दिवस २४ मेला भरणार. आणि इथं पहाटे पाचपासून लोक चपला, पिशव्या रांगेत ठेवून बसलेले.

वाडीवरचे एक आबा सगळ्यात पुढं होते. सत्तरी कधीच ओलांडलेली. एसटी बंद, म्हणून चालत आले. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं तेच करतात. त्यांनी चंचीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं सारखा केला. पहिला डोस ५ एप्रिल. खाली निळ्या पेननं लिहिलेलं : दुसरा डोस १७ मे.

अक्षर माझंच.

"आबा, आता तारीख पुढं गेलीय. २८ जूनला यायचं."

"बाई, तुमीच लिवलंय न्हवं हितं?"

मी म्हटलं, तेव्हा नियम तसा होता, आता सरकारनं बदललाय. ते काही बोलले नाहीत. मागचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "लसच न्हाई म्हनून वाढवलंय सगळं. येड्यात काढत्यात." व्हरांडाभर माना डोलल्या.

मी काय उत्तर देणार होते? जे वाचलंय ते सांगितलं. याच लसीच्या ऑक्सफर्डच्या चाचण्यांचे आकडे फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोन डोस सहा आठवड्यांच्या आत दिले तर लस ५५ टक्क्यांच्या आसपास परिणामकारक, बारा किंवा त्याहून जास्त आठवड्यांनी दिले तर ८१ टक्के. लसीकरणावर सरकारला सल्ला देणाऱ्या डॉ. एन. के. अरोरांच्या कार्यगटानं शिफारस केली आणि सरकारनं ती मानली. म्हणजे शास्त्राचा आधार आहे, हे खरं. पण लस कमी आहे, हेही तितकंच खरं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खुद्द आरोग्यमंत्री राजेश टोपे सांगत होते की राज्यात तीन दिवसांचाच साठा उरलाय. गेल्या बुधवारी तर १८ ते ४४ वयाच्यांचं लसीकरणच राज्यानं थांबवलं. आणि शुक्रवारी बातमी आली की ब्रिटननं पन्नाशीपुढच्यांचं अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणलं, तेही भारतात सापडलेल्या विषाणूच्या नव्या प्रकारामुळे. आपण वाढवलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी कमी केलं. ते वाचल्यावर माझाही पाय डळमळला. आईचा पहिला डोस २४ मार्चचा, तिची तारीख आता १६ जूनवर गेली. माझी २ जुलै. रात्री झोपताना हे हिशेब डोक्यात फिरतात.

मला राग येतो तो तारीख बदलल्याचा नाही. राग येतो तो न सांगितल्याचा. आमच्याकडच्या माणसांना टंचाई नवी आहे का? कालव्याला आवर्तन सुटलं की कुणाची पाळी कधी, किती तास, हे सगळ्यांना पाठ असतं. टेलपर्यंत, कालव्याच्या शेवटापर्यंत, पाणी पोहोचणार नसेल तर तेही आधी सांगितलं जातं. लोक चिडतात, भांडतात, पण पाळी मानतात, कारण ती डोळ्यांसमोर असते. लस मात्र रात्री अकराला मेसेजमधून उगवते. उद्या किती येणार, कुठली येणार, कुणासाठी येणार, डॉक्टरांनाच ठाऊक नसतं, मग मी फळ्यावर काय लिहू? "लस कमी आहे, म्हणून जास्तीत जास्त माणसांना निदान एक डोस पोहोचवतोय, आणि अंतर वाढल्यानं तुमचं नुकसान नाही, असं आज हाती असलेले आकडे सांगतात." एवढं एक वाक्य कुणी स्वच्छ बोललं असतं तर आबा पहाटे चालत आले नसते. आणि "येड्यात काढत्यात" म्हणणाऱ्याचा सूरही थोडा खाली आला असता.

याउलट आजचा डोस मिळाला कुणाला? जे मार्चमध्ये "आमाला नको" म्हणत होते त्यांना. तेव्हा आशाताई उन्हातान्हात घरोघर फिरायची आणि लोक कडी लावून घ्यायचे. लस घेतली की ताप येतो, ताप आला की तपासतात, तपासलं की उचलून नेतात, अशी साखळी प्रत्येक वस्तीवर जुळलेली. आई म्हणते, यात नवं काही नाही. ती लहान असताना गावात देवी काढायला डॉक्टर आले, तेव्हा तिच्या आजीनं तिला रिकाम्या कणगीत लपवलं होतं. तरी शेवटी सापडलीच, दंडावर दोन गोल वण अजून आहेत. देवीचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. आमच्या वर्गातल्या पोरांना देवी म्हणजे आजार, हे सांगावं लागतं.

गुरुजींचं लिहायचं टाळत होते. लिहिते.

आमच्याच शाळेतले. बावन्न वर्षांचे. ६ एप्रिलला इथंच, माझ्याच टेबलावर नाव नोंदवून त्यांनी पहिला डोस घेतला. उत्साहानं फोटो काढला. दुपारी पुतण्याच्या साखरपुड्याला गेले आणि, नंतर कळलं, तिथं मास्क खिशातच होता. "आता काय, लस झालीय." सहाव्या दिवशी ताप. मग ऑक्सिजनच्या बेडसाठीचे फोन, तीन तालुक्यांत. २१ एप्रिलला गेले.

गावात एकच बोललं गेलं : लसीनं गेले. त्यानंतर आठवडाभर आमच्या वस्तीवरचं एकही माणूस केंद्राकडे फिरकलं नाही. मी भेटेल त्याला सांगत राहिले की टोचल्याबरोबर शरीर तयार होत नसतं, पहिल्या डोसनंतर थोडंफार संरक्षण यायलाच दोन-तीन आठवडे जातात, दोन्ही डोस झाल्यावरही पंधरा दिवस थांबावं लागतं. त्यांना लागण झाली ती लस काम करायला लागण्याआधी. सगळं बरोबर. पण हे त्यांना ६ एप्रिलला कुणी सांगितलं? मी टेबलावर होते. आधार बघितलं, नंबर टाकला, पुढच्या खोलीत पाठवलं. अर्धा तास बसा, ताप आला तर गोळी घ्या, एवढंच आम्ही सगळे बोललो. मास्क काढू नका, हे बोललो नाही. रांग मोठी होती. ही सबब मी स्वतःला रोज देते आणि ती मला रोज अपुरी पडते.

तेव्हापासून प्रत्येकाला एक वाक्य सांगते. आज टोचली म्हणजे आज अंगात ताकद आली नाही, घरी गेल्यावरही मास्क तसाच ठेवा, गर्दीत जाऊ नका. काही जण ऐकतात. काही जण निरीक्षणाच्या खोलीत बसल्या बसल्याच मास्क हनुवटीवर ओढतात आणि शेजाऱ्याच्या कानाला लागतात. परवा एका घरचं लग्न, नियम पंचवीस माणसांचा आणि दोन तासांचा, मांडवात दीडशे तरी. विचारलं तर उत्तर तेच, मोठ्यांनी सगळ्यांनी घेतलीय. त्यात अमेरिकेतल्या भाच्याचा फोन, मामी, आमच्याकडे दोन्ही डोस झालेल्यांना आता मास्क नाही! खरंय, तिथल्या सीडीसीनं, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थेनं, १३ तारखेलाच तसं सांगितलंय. पण तिथं कितीतरी जणांचे दोन्ही डोस पूर्ण झालेत. इथं आबांना दुसऱ्यासाठी जूनची अठ्ठावीस उजाडायची आहे. त्याचा नियम आपल्याला कसा लागू होईल? मी फोनवर जरा कडकच बोलले त्याला. उद्या पुन्हा करीन.

दुपारी बारा-दहाला सिस्टरनी चौथी वायल फोडली. झाकणाजवळ वेळ लिहिली. चार तासांत दहाही डोस संपले पाहिजेत, नाहीतर उरलेली लस फेकायची. तीनला बघितलं तर पहिल्या डोसची माणसं संपली होती आणि वायलमध्ये तीन डोस शिल्लक. व्हरांड्यात आबा अजून बसून. वारा कमी झाला की निघतो म्हणाले होते. सिस्टरनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली. नोंदच होत नाही.

ते तीन डोस आणि ते आबा. दिवसभरातलं दुसरं काही इतकं लागलं नाही.

आशाताई गाडी काढून खालच्या वस्तीवर गेली, दोघांना घेऊन आली. तिसऱ्यासाठी मी यादी चाळत होते आणि गुरुजींच्या बायकोच्या नावावर बोट थांबलं. आशाताई तीनदा जाऊन आलेली, तीनदा दार बंद. फोन लावला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "बाई, यांना टोचली तेव्हाबी असंच सांगितलं व्हतं का?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. तेव्हा नव्हतं सांगितलं. सांगायला पाहिजे होतं."

फोन ठेवला गेला. संपलं, असं मला वाटलं.

चारला पाच कमी असताना मुलाच्या गाडीवर आल्या. पदर नाकावरून घट्ट, आत मास्क. खुर्चीत बसल्या, दंड पुढं केला, सुईकडे पाहिलंही नाही. अर्धा तास मी शेजारी उभी राहिले, एक खुर्ची सोडून. बोलणं काही झालं नाही. निघताना त्यांनी कागद पुढं केला, तारीख लिहायला. ९ ऑगस्ट लिहिली आणि सांगितलं की ही पुढंमागं होऊ शकते, झाली तर मी स्वतः फोन करीन, तुम्ही पहाटे येऊन बसू नका.

आबांना वहिनींच्या मुलाच्याच गाडीवर वाडीच्या फाट्यापर्यंत धाडलं. त्यांच्याकडे फोन नाही. शेजारच्या पोराचा नंबर घेतलाय. कालनिर्णयवर २८ जूनच्या चौकोनात लिहून ठेवलाय, खाली आईची १६ आहेच.

पावणेअकरा झाले. उद्याच्या साठ्याचा मेसेज अजून आलेला नाही.