पिनबॉलचे यंत्र : काय बदलावे, काय राखावे

पिनबॉल म्हणजे उतरत्या फळीवर लोखंडी चेंडू उडवत गुण मिळवण्याचा खेळ. त्याचे जुने यंत्र दुरुस्तीला काढले की सुटे भाग विकणाऱ्यांच्या याद्या समोर येतात आणि यंत्राचा जवळजवळ प्रत्येक अवयव नवा मिळतो असे लक्षात येते. नवा प्रोसेसर बोर्ड, एलईडी दिवे, गुण दाखवणारे एलईडीचे आकडे, सिलिकॉनची रबरे, हवे असल्यास स्पीकरमधून वाजणारे नवे आवाज. हे सगळे बसवले तर यंत्र उत्तम चालते, पण ते सत्तरच्या दशकातले यंत्र राहत नाही. म्हणून मी कामाला हात घालण्याआधीच एक रेघ आखून घेतली. ज्या भागामुळे आग लागू शकते, बोर्ड सडू शकतो किंवा कॉइल (विजेने दांडा ओढणारे तारेचे वेटोळे) जळू शकते, तो भाग बिनदिक्कत बदलायचा. ज्या भागामुळे हाताला, कानाला आणि डोळ्यांना हा खेळ ‘तो’ खेळ वाटतो, तो शक्य तोवर दुरुस्तच करायचा.

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या घरी मागच्या खोलीत बॅली कंपनीचे १९७७ सालचे ‘एट बॉल’ उभे आहे. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरच्या मालकाकडून ते मी बंद अवस्थेतच घेतले. या खेळाची २०,००० हून अधिक यंत्रे निघाली, शिवाय बॅलीने एकाच घडणीचे बोर्ड त्या काळच्या कित्येक खेळांत वापरले. त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही त्याचे नकाशे आणि भाग मिळतात, आणि घरगुती दुरुस्ती करू पाहणाऱ्याला मी याच काळातले बॅलीचे यंत्र सुचवीन.

पहिला घाव नेहमी बॅटरीचा असतो. प्रोसेसर बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. यंत्र बंद असताना सर्वोच्च गुण आणि हिशेब लक्षात ठेवणे हे तिचे काम. वर्षानुवर्षे पडून राहिली की ती पाझरते, आणि तो क्षार तांब्याच्या रेषा, आयसीचे सॉकेट आणि कनेक्टरच्या पिना हळूहळू खाऊन टाकतो. माझ्या बोर्डाचा तो कोपरा हिरवट-पांढऱ्या बुरशीसारख्या थराने भरला होता. बॅटरी कापून काढली, सडलेली सॉकेट उतरवली, पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने क्षार मारला, मग स्वच्छ पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन पूर्ण वाळवला. नवी बॅटरी मात्र लावली नाही. जुन्या ५१०१ मेमरी चिपच्या जागी, वीज नसतानाही माहिती जपणारी छोटी चिप बसवली. खेळणाऱ्याला हा बदल कधीच जाणवत नाही, आणि बोर्ड पुन्हा सडण्याचे कारणच उरत नाही.

या बोर्डावरचा एक लहान लाल दिवा मला अभियांत्रिकीचा फार सुंदर नमुना वाटतो. यंत्र चालू केले की तो आधी लुकलुकतो आणि मग एकेक चाचणी पार पडेल तसा एकदा चमकतो. रॉम, दोन्ही रॅम, दोन्ही पीआयए चिपा (प्रोसेसरला यंत्राच्या बाकी भागांशी जोडणाऱ्या), आकड्यांसाठी लागणारी इंटरप्टची यंत्रणा आणि शेवटी कॉइलसाठीचे ४३ व्होल्ट, अशी ही सात चमकांची परीक्षा आहे. चौथ्या चमकेनंतर दिवा थांबला तर दुसरी पीआयए तपासायची, सहावीनंतर थांबला तर कॉइलचा पुरवठा. हाताशी ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसालाही दोष शोधता यावा, हा विचार त्या काळी कोणीतरी केला होता.

विजेच्या बाजूला मी जुन्याचा मोह ठेवला नाही. ट्रान्सफॉर्मरचे प्राथमिक टॅप आपल्या २३० व्होल्टला जुळवले, नवी तीन तारांची केबल घातली, अर्थिंग तपासले आणि प्रत्येक फ्यूज नकाशात लिहिलेल्या मूल्याचाच लावला. आधीच्या कोणीतरी एका फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली होती. असे जुगाड दिसले की बाकी सगळी तपासणी दुप्पट काळजीने करावी. पाच व्होल्टच्या पुरवठ्याचा मोठा कपॅसिटर बदलला आणि तापून करपलेल्या कनेक्टरांत नव्या पिना क्रिम्प केल्या. आकड्यांना सुमारे १९० व्होल्ट लागतात आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो, म्हणून झाकण उघडल्यावर थांबून, मीटरने मोजून मगच आत हात घालतो.

खेळाचा जीव फ्लिपरमध्ये, म्हणजे बटण दाबताच चेंडूला वर टोलवणाऱ्या पात्यामध्ये, आहे. १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने फ्लिपर आणले, तोवर चेंडू सोडल्यानंतर बरेचसे नशिबावर होते. न्यूयॉर्कने १९४२ मध्ये पिनबॉलवर जुगार म्हणून घातलेली बंदी १९७६ मध्ये उठली, ती पिनबॉलचे जाणकार रॉजर शार्प यांनी नगर परिषदेपुढे प्रत्यक्ष खेळून हा कौशल्याचा खेळ असल्याचे दाखवल्यानंतर. ते कौशल्य जिथे उतरते तो भाग ढिला असेल तर बाकी सगळी चकाकी व्यर्थ आहे.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात, एक जाड तारेचा आणि एक बारीक तारेचा. बटण दाबले की बारीक वेढा एका पात्याच्या स्विचने बगल दिलेला असतो, त्यामुळे सगळा प्रवाह जाड वेढ्यातून जातो आणि फ्लिपर जोराने उसळतो. दांडा टोकाला पोहोचला की तोच स्विच उघडतो, बारीक वेढा मार्गात येतो आणि प्रवाह इतका कमी होतो की बटण धरून ठेवले तरी कॉइल जळत नाही. स्विच मळला तर फ्लिपर मरगळतो. तो उघडलाच नाही तर कॉइलमधून धूर येतो. याचे संपर्क टंगस्टनचे असल्याने ते बारीक कानशीने घासता येतात. प्लेफील्डखालच्या (चेंडू फिरतो त्या फळीखालच्या) इतर स्विचांवर मात्र सोन्याचा पातळ मुलामा असतो. तिथे कानस लावली तर मुलामा जातो, म्हणून दोन पात्यांच्या मध्ये कोरे व्हिजिटिंग कार्ड धरून हलकेच ओढायचे.

चेंडू आदळताच त्याला उडवून लावणाऱ्या बंपरची एक कॉइल जळालेली होती. तिच्यावरचा एएन-२६-१२०० हा क्रमांक म्हणजे २६ गेजच्या तारेचे १२०० वेढे. वागळे इस्टेटमध्ये मोटारी रिवाइंड करून देणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे ती घेऊन गेलो. त्यांनी क्रमांक वाचला, जुन्या तारेचा तुकडा सोलून मायक्रोमीटरमध्ये धरला आणि म्हणाले, “हे सव्वीस आपलं सव्वीस नाही. आपली सत्तावीस नंबर लागेल.” ते अगदी बरोबर होते. अमेरिकन मोजणीतली २६ गेजची तार सुमारे ०.४०५ मिलिमीटर जाड असते, आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मोजणीतली ०.४५७, आणि ब्रिटिश २७ गेजची ०.४१७. आपली २६ वापरली असती तर कॉइलचा रोध जवळपास एक-पंचमांशाने घटला असता, तिने जास्त प्रवाह ओढला असता आणि तो भार बोर्डावरच्या ट्रान्झिस्टरवर पडला असता. काकांनी वेढे मोजून, थर एकावर एक नीट बसवून कॉइल भरून दिली. घरी येऊन शेजारच्या चांगल्या कॉइलशी रोध ताडून पाहिला, पट्टीची बाजू धन टोकाला येईल असा नवा डायोड जोडला, आणि बंपर पहिल्यासारखा ठोका देऊ लागला.

दिव्यांबाबत मी आखलेली रेघ थोडी वाकडी झाली, आणि ती योग्यच झाली असे मला वाटते. मूळचे ४४ क्रमांकाचे दिवे प्रत्येकी २५० मिलिअँपिअर घेतात, ४७ क्रमांकाचे १५०. जुन्या रेडिओच्या डायलमध्ये असत तेच हे दिवे, आणि लॅमिंग्टन रोडवर शोधाशोध केल्यावर मला पुरेसे मिळाले. प्लेफील्डवर तेच लावले, कारण त्यांचा पिवळसर उजेड विझताना क्षणभर रेंगाळतो आणि रंग त्याच उजेडासाठी निवडलेले आहेत. पाठच्या चित्रकाचेमागे मात्र उबदार रंगाचे एलईडी लावले, कारण उष्णतेने आणि आपल्या दमट हवेने त्या काचेवरचा रंग पापुद्रे धरतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. नारिंगी आकड्यांच्या मूळ काचनळ्या राखल्या असून त्यांचा व्होल्टेज १७० च्या आसपास उतरवला आहे. घंटांच्या पट्ट्यांनाही हात लावला नाही. फक्त दांड्यांची कडक झालेली नायलॉनची टोके बदलली.

आता उरले आहे ते प्लेफील्डचे लाकूड. चेंडूच्या वाटेवर रंग झिजून खालचे मेपलचे प्लाय दिसू लागले आहे, तिथे रंग जुळवून वर पारदर्शक लॅकरचा हात द्यायचा आहे. पावसाळ्यात लॅकर पांढरट पडते, म्हणून ते काम दसऱ्यानंतर कोरड्या हवेत करणार आहे. तोवर लाकडावर कार्नौबा मेण लावून ठेवले आहे आणि खोलीत डीह्युमिडिफायर चालू आहे.