झाडाखालची साईट आणि रात्रभर टपटप

गेल्या महिन्यात ऑरेगनच्या फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्कला आरव्ही (म्हणजे चाकांवरचं घरच) घेऊन गेलो, कोलंबिया नदी समुद्राला मिळते ना, तिथेच आहे हे. आरव्ही उभी करायची साईट बुक करताना मी हौसेने दाट झाडीतली घेतली आणि मग रिव्हर्स घेताना बायको मागे उभी राहून "ये ये, अजून ये, अरे थांब!" आणि तेवढ्यात स्प्रूसची फांदी छताला खर्रकन घासलीच. सोलर पॅनलचा तर काही उपयोगच नाही, ऊन खाली पोचतच नाही, बरं झालं वीज-पाण्याचं हुकअप होतं. पाऊस थांबला तरी झाडं रात्रभर छतावर टपटप करत राहतात, पहिल्या रात्री दोनदा उठून टॉर्च मारून बघितलं छतावरचं व्हेंट (हवेचं झाकण) गळतंय का (नव्हतं गळत).

सकाळी सायकलने बीचवर. तिथे पीटर आयर्डेल जहाजाचा गंजलेला सांगाडा आहे, १९०६ साली वाळूत रुतलं ते अजून तिथेच. ओहोटीला गेलात तर अगदी जवळ जाता येतं, लोखंडाला हात लावला की बोटं तांबडी. वाळू मात्र इतकी आत यायला लागली की शेवटी दारात पाण्याची बादलीच ठेवली, पाय बुडवल्याशिवाय कोणालाच एन्ट्री नाही, मलासुद्धा.