तुम्ही विचारलंत म्हणून: स्लॉट मशीन सेट केलेलं असतं का?

"तू आत होतास. खरं सांग, मशीन सेट केलेलं असतं की नाही? आणि पैसे देतं कधी?"

लग्नाच्या पंगतीत विचारतात, उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या, चहाच्या गाड्यावर विचारतात. मागे एका मयताला गेलो होतो, तिथंही एकानं बाजूला घेऊन हेच विचारलं. पणजीच्या कॅसिनोत स्लॉट मशीन, म्हणजे पैसे लावून चित्रांची चाकं फिरवायचं मशीन, दुरुस्त करायची नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली. आता कारखान्यांतली सीएनसी मशीन दुरुस्त करतो, तरी बेळगावात माझी ओळख 'कॅसिनोतला' हीच राहिली आहे. मी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर 'हा सांगणार नाही' असं उमटतं. एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी 'देतं कधी' याचं. मशीनला ते माहीत नसतं. आतला प्रोग्राम एकामागून एक आकडे काढत असतो, सेकंदाला शेकड्यांनी, समोरची खुर्ची रिकामी असली तरी. तुमचं बोट बटणावर पडलं त्या क्षणी जो आकडा निघाला, तो तुमचा निकाल. चाकं फिरू लागतात तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. चाकांचं काम तो दाखवायचं, एवढंच. "मी उठलो आणि मागच्यानं पहिल्याच दाबाला मारलं" ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली आहे. तुम्ही बसून राहिला असतात तरी तो डाव तुमचा नव्हता, कारण तुमचं बोट नेमकं त्याच क्षणी पडलं नसतं. चार तास पैसे खाल्लेलं मशीन आता ओकणार, असंही काही नसतं. मागच्या दाबाची आठवण पुढच्या दाबाला नसते. मटक्याच्या ओपन-क्लोज आकड्यांचे चार्ट भिंतीला लावून त्यात रांग शोधणाऱ्या आपल्या लोकांना हे पटत नाही, हे मला ठाऊक आहे. मटक्यावर वाढलेलं डोकं आकड्यांत माणसाची लहर शोधतं.

आता 'सेट'. हो, गणित ठरवलेलं असतं आणि ते चोरून ठरवलेलं नसतं. लागलेल्या पैशातले सरासरी किती परत द्यायचे, हा टक्का प्रोग्राममध्येच असतो. अमेरिकेत नेवाडाच्या नियमानं तो 75 च्या खाली नेता येत नाही, न्यू जर्सीत 83 च्या. समजा मशीन 92 टक्क्यांचं आहे. लोकांना वाटतं, हजार घेऊन गेलो तर फार तर ऐंशी जातील. तसं नाही हो. आठ टक्के जातात ते तुम्ही नेलेल्या रकमेवर नव्हे, प्रत्येक दाबावर. मिनिटाला दहा दाब, दाबाला वीस रुपये, म्हणजे तासाला बारा हजारांची उलाढाल आणि सरासरी 960 रुपये गेले. जिंकलेले परत लावले की त्यावरही आठ टक्के. यात कुणी तुम्हाला फसवायची गरजच पडत नाही.

फसवणूक कधी झालीच नाही, असंही म्हणणार नाही. नेवाडात मशीन तपासणाऱ्या सरकारी खात्यातलाच रॉन हॅरिस नावाचा माणूस चिपमध्ये स्वतःचा छुपा प्रोग्राम घालत होता. ठरावीक क्रमानं नाणी टाकली की मशीन पैसे द्यायचं. 1995 मध्ये तो पकडला गेला. पण तो तपासनीस होता. माझ्यासारख्याच्या हातात दाराची किल्ली असायची. निकाल काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या पेटीला वेगळं कुलूप आणि वर सील. मी चाकं, मोटरी, दिवे, बटणं आणि सेन्सर बघायचो. निकालाला माझा हात कधी लागला नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आता मलाच ते सफाई दिल्यासारखं ऐकू येतं.

मला त्या मशीनचं वेड होतं, हे लपवत नाही. 1890 च्या दशकात सान फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या, बव्हेरियातून आलेल्या मेकॅनिकनं तीन चाकांचं मशीन बनवलं, नाव लिबर्टी बेल. स्प्रिंग, कॅम आणि चाकं अडवणारे दांडे, सगळं हातचं काम. उद्यमबागेत लेथवर वाढलेल्या पोराला हा माणूस आपलाच वाटणार. एका चाकावर दहा चित्रं, तीन चाकं, म्हणजे हजार जुळण्या. तीन घंटा आल्या की अर्धा डॉलर, पाच सेंटची दहा नाणी. डोळ्याला दिसायचं तेच गणित होतं. पुढे 1960 च्या दशकात बॅली कंपनीनं वीज आणली, आणि पोटातल्या हॉपरमधून, म्हणजे नाण्यांच्या डब्यातून, पाचशेपर्यंत नाणी आपोआप पडू लागली. तिथपर्यंतही मला काही खुपत नाही. पुढच्या पायरीपाशी मी अडतो, पण त्याआधी मामांचं सांगायला हवं. तुम्ही विचारता त्यातला खरा प्रश्न तोच असतो, फक्त माझ्या तोंडावर कुणी विचारत नाही.

2014 चा एप्रिल. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर माझी रात्रपाळी होती. साडेअकराच्या सुमाराला रेडिओवर निरोप आला, तिसऱ्या रांगेत रील टिल्ट. गेलो तर मशीनच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकत होता आणि खुर्चीवर मामा बसले होते. निपाणीकडचे माझे सख्खे मामा. माझ्या डिप्लोमाची दोन वर्षांची फी ज्यांनी भरली, ते. टोपी घडी करून खिशात ठेवलेली, शर्टाची वरची गुंडी लावलेली. तंबाखूचे पैसे हातात आले होते आणि गावातले चौघं जीप करून चोर्ला घाटातून उतरले होते.

"आरं, तू हितं काम करतोस व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. मी कुठल्या तरी हॉटेलात इलेक्ट्रिकचं बघतो, असंच घरी सांगितलेलं होतं.

नियम साधा होता. ओळखीचं माणूस खेळताना दिसलं तर सुपरवायझरला सांगायचं आणि आपण बाजूला व्हायचं. वर कॅमेरे होते. मी सांगितलं नाही. "हो मामा," म्हणालो आणि दार उघडलं.

रील टिल्ट म्हणजे चाक नेमकं कुठं आहे, हे बोर्डाला कळेनासं होणं. प्रत्येक चाकाला स्टेपर मोटर असते, एका फेऱ्याचे दोनशे टप्पे. चाकाला एक छोटी पट्टी असते आणि दर फेऱ्याला ती प्रकाशाच्या सेन्सरमधून जाते. त्यावरून बोर्ड टप्पे मोजतं. तिसऱ्या चाकाच्या सेन्सरवर धूळ आणि कापसाचा एक धागा बसला होता. फुंकर मारली, पुसलं, दार लावलं, किल्ली फिरवून रिसेट केलं. चाकं एकदा हलून जागेवर आली आणि अडकलेला डाव पुढे चालू झाला. त्या डावाचा निकाल बिघाडाच्या आधीच लागलेला होता आणि मेमरीत जपलेला होता. वीज गेली तरी तो बदलत नाही. मी ते दार उघडलं काय आणि न उघडलं काय, तेच येणार होतं.

आलं ते असं: सात, सात, आणि तिसरा सात जिंकायच्या रेघेच्या बोटभर वर.

मामांनी श्वास आत ओढला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

माझ्या मनात त्या मानेचा अर्थ एकच होता, मशीन ठीक आहे. दुरुस्ती झाली की समोरच्याला आम्ही तशीच मान हलवायचो, सवयच होती. मी पुढच्या रांगेत गेलो.

सव्वाचारला परत त्या बाजूनं आलो, तेव्हा मामा त्याच खुर्चीवर होते. गुंडी सुटलेली, टोपी मांडीवर. सकाळी पाळी संपवून जेट्टीवर उतरलो तर ते बाकावर बसून होते. एक लाख वीस हजार गेले होते. माझ्यावर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "तू मान हलवलीस म्हणून बसलो की मी. मला वाटलं, पोरानं काहीतरी केलं."

मी त्यांना सेन्सर समजावायला लागलो. तिथं, त्या बाकावर, त्या माणसाला, मी सेन्सर समजावत होतो.

तुमचा न विचारलेला प्रश्न हाच: साडेअकराला का बोलला नाहीस? कॅमेरे होते, नोकरी जाईल ही भीती होती, डोक्यावर कर्ज होतं. तिन्ही खरं आहे. चौथंही आहे आणि ते मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. मामांनी मला गणवेशात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला पाहिला होता आणि त्यांच्या डोळ्यांत अभिमान होता. "उठा मामा, इथं सगळ्यांचेच जातात," असं म्हटलं असतं, तर माझं काम काय आहे तेही त्यांना सांगावं लागलं असतं.

आता ती अडलेली पायरी. नोकरी सोडल्यावर मी एक पेटंट वाचलं. 1984 मध्ये अमेरिकेत इंगे टेल्नेस या मूळच्या नॉर्वेच्या माणसाला ते मिळालं. आडवळणी कल्पना नव्हे, अगदी सोपी. डोळ्यासमोरच्या चाकावर समजा 22 जागा आहेत. तीन चाकांच्या जुळण्या होतात 10,648. मोठं बक्षीस ठेवायला हे अपुरं. मग प्रोग्रामच्या आत प्रत्येक चाकाला समजा 64 जागा द्यायच्या, म्हणजे जुळण्या झाल्या 2,62,144, आणि त्या 64 मधल्या कुठल्या आकड्याला समोरची कुठली जागा, हे आपण वाटून द्यायचं. साताला एकच आकडा द्या. त्याच्या वरच्या-खालच्या मोकळ्या जागांना सहा-सहा द्या. आता सात रेघेवर येणार 64 मध्ये एकदा आणि रेघेला खेटून वर किंवा खाली थांबणार बारा वेळा. खरंच 22 जागांचं साधं चाक असतं तर एकाला दोन असं प्रमाण पडलं असतं. मामांचा तो बोटभर वरचा सात तिथून येतो. मशीनमधून मिळण्याची शक्यता खरी आहे त्याहून जास्त वाटली पाहिजे, हे त्या पेटंटातच उघड लिहिलेलं आहे. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

बोटीवर होतो तेव्हा मी पैजेवर सांगायचो, मशीन प्रामाणिक आहे, माणूस हावरा आहे. आकडे खरोखरच निःपक्ष निघतात, हे मी आजही नाकारणार नाही. पण तेच आकडे ज्या चाकावर दाखवतात त्या चाकावर डोळा विश्वास ठेवतो, आणि डोळ्याला दाखवलेलं चाक मोजणीतलं चाक नाही. मग त्याला फसवणूक म्हणायचं का? नियमात बसतं, तपासलेलं असतं, पेटंट जाहीर आहे. तेव्हाचा मी म्हणतो, वाचता येणाऱ्यानं वाचावं. आताचा मी म्हणतो, निपाणीच्या तंबाखूवाल्यानं अमेरिकेतलं पेटंट वाचून खुर्चीवर बसायचं होतं का? आणि मग वाटतं, पेटंटला दोष देऊन मी त्या मानेतून सुटायला बघतोय. हे भांडण माझ्यात मिटलेलं नाही. 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना त्या बोटींवर जायला बंदी आहे. आपल्याकडून घाट उतरून जाणाऱ्यांना ती नाही, आणि तेच परत येऊन मला विचारतात.

गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला निपाणीला गेलो. जेवणं झाल्यावर मामा अंगणात येऊन बसले आणि इतक्या वर्षांनी त्यांनीच विषय काढला. मी नातवाची सायकल उलटी उभी केली, मागच्या चाकाला चिंधी बांधली, चाक फिरवून पट्टी म्हणजे काय, टप्पे म्हणजे काय, निकाल आधीच कसा लागलेला असतो, सगळं दाखवलं. त्यांनी मन लावून ऐकलं. चिंधी थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

"म्हंजे सात जवळच होता की," म्हणाले.

मी चाक पुन्हा फिरवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.