आमची वाटचाल: असेंबलिंगपासून लॉगपर्यंत

नागपुरात सीताबर्डीतल्या जिन्याखालच्या गाळ्यात काँप्युटर असेंबल करून विकण्यापासून आमची सुरुवात झाली. मग एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीची कंत्राटं, मिळत गेली. इतवारीतले ठोक व्यापारी, धंतोलीतले डॉक्टर, हिंगणा एमआयडीसीतले कारखाने. मे २०१७ मध्ये फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा आपणहून बॅकअपचं विचारायला लागलं. पुढची काही वर्षं दुकान बॅकअपवरच चाललं.

२०१९ च्या अखेरीपासून खंडणीवाल्या टोळ्यांनी रीत बदलली. आधी फायली पळवायच्या, मग कुलूप लावायचं, पैसे नाही दिले तर सगळं उघड्यावर टाकायची धमकी. तिथं बॅकअप काय करणार? म्हणून माल बाहेर पडण्याआधी त्याचं बोचकं कुठं बांधलं जातंय, यावर नजर ठेवणं हे आता आमचं मुख्य काम.

त्या बोचक्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतच नाही. पॉवरशेल, म्हणजे टाइप करून विंडोजला हुकूम देण्याची सोय, तिच्यातली फायलींची झिप बांधणारी ‘कॉम्प्रेस-आर्काइव्ह’ ही कमांड विंडोजसोबतच येते, त्यामुळे अँटिव्हायरस बहुतेकदा गप्प बसतो. स्क्रिप्टमध्ये काय चाललं ते विंडोजच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, इव्हेंट ४१०४ या क्रमांकाखाली उमटतं, मात्र त्याची पूर्ण नोंद हवी तर सेटिंग मुद्दाम चालू करावं लागतं. नव्या गिऱ्हाइकाकडे गेलो की आम्ही पहिलं तेच तपासतो आणि बहुतेक ठिकाणी ते बंदच असतं.

नुसती झिप झाली म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही. टॅलीचा रात्रीचा बॅकअपही झिपच करतो आणि सुरुवातीला तोच आमची झोप उडवायचा. कोणाच्या लॉगिनमधून, कुठल्या फोल्डरची, कुठं ठेवली, हे तिन्ही जुळवून बघावं लागतं. हिंगण्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या पोराच्या मशीनवर डिझाइन विभागाच्या ड्रॉइंगची झिप तात्पुरत्या फायलींच्या टेम्प फोल्डरमध्ये तयार होताना दिसली. नाव चार आकड्यांचं, आजूबाजूला दुसरी काही झिप नाही. डिस्पॅचला ड्रॉइंगशी काय घेणं? फोनवरच सांगितलं, “भाऊ, मशीन बंद नका करू, फक्त लॅनची वायर काढा.” बंद केलं असतं तर मेमरीतला पुरावा गेला असता. मागे जाऊन पाहिलं तर बिल्टीच्या नावानं आलेल्या मेलमधली जोडफाइल निघाली. झिप तिथंच होती, बाहेर गेली नव्हती.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. विंडोज मात्र जागा भरली की जुन्या नोंदी पुसून टाकतं. शिवाय हातात ॲडमिनचे हक्क आले की चोर आधी लॉगच साफ करतो. म्हणून लॉग लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवतो. त्या मशीनचा खर्च सांगितला की अजूनही ऐकायला मिळतं, “काही झालंच नाही तर पैसे कशाचे?” अशांना आम्ही महिनाभर फुकट लावून देतो आणि रात्री त्यांच्या ऑफिसात कोण कोण लॉगिन करतं, त्याची यादी हातात ठेवतो. बोलणी त्यानंतर.