डावीकडचे टोक

आज सरांनी मला रांगेच्या डाव्या टोकाला उभे केले. "मॅडम, तुम्ही जरा तिकडे उभ्या राहा," एवढेच म्हणाले आणि लगेच एका छोट्याचा सुटलेला पट्टा बांधायला वाकले. कराटेच्या रांगेत उजवे टोक ज्येष्ठांचे असते आणि पट्ट्यांचे रंग उतरत उतरत डावीकडे पांढऱ्या पट्ट्यांची चिल्लीपिल्ली येतात, हे कालपरवा वडगावहून येऊ लागलेला पोरगाही जाणतो. माझा पट्टा तपकिरी आहे, काळ्याच्या खालोखालचा. ज्या जागेवरून 'सेइझा' (गुडघे टेकून बसा), 'रेइ' (वाकून नमस्कार करा) अशा आज्ञा मी देत असे, तिथे निळ्या पट्ट्याचा दहावीतला मुलगा उभा होता आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत होता, हेही लिहून ठेवते.

परतताना दुसऱ्या रेल्वे गेटाचे फाटक पडलेले होते. पावसात स्कूटरवर थांबल्या थांबल्या तेच तेच मनात येत राहिले, की पन्नाशीला टेकलेल्या बाईला तेवढाच एक मान होता, तोही काढून घेताना कारण सांगावेसे त्यांना वाटले नाही. धाकटी असती तर तिने थेट विचारले असते. तिनेच मला या क्लासात ओढून आणले आणि मग स्वतः पुण्याला गेली. तो विषय आज नको.

मनाला समजावूनही पाहिले. रंगावरून मान ठरवण्याची ही रीत काही पुराणकाळापासूनची नव्हे. जिगोरो कानो यांनी ज्यूदोमध्ये पहिल्या 'दान', म्हणजे वरच्या प्रावीण्याच्या, श्रेणी 1883 मध्ये दिल्या, आणि 1922 मध्ये ओकिनावाहून तोकियोला आलेल्या गिचिन फुनाकोशी यांनी ती पद्धत 1924 मध्ये कराटेत घेतली. आमच्या आनंदवाडीच्या आखाड्यात लंगोटावर कोणी रंग पाहत नाही, तरी कोणाच्या पाया पडायचे हे पोरांना बरोबर कळते. इतके सगळे पटले, पण डाचायचे ते डाचतच राहिले. एक वाक्य बोलायला काय हरकत होती?

रात्री भाकऱ्या आटोपल्यावर स्वयंपाकघरातच 'हेइआन शोदान' करून पाहिली. ही काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या एकवीस हालचाली. तिची पहिलीच हालचाल म्हणजे डावीकडे वळून 'गेदान बाराई', हाताने खालचा वार अडवणे. तिथेच थबकले. सगळी रांग डावीकडे वळली की उजव्या टोकाच्या ज्येष्ठाला फक्त पाठी दिसतात, आणि ज्याला काही आठवत नाही असे प्रत्येक पोर समोर बघते, म्हणजे डाव्या टोकाकडे, जिथे आजवर सर्वांत कच्चा भिडू उभा असे. या काता इतोसु आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी रचल्या, आणि मुले तोंडच्या आज्ञेपेक्षा पुढच्याचे पाय बघूनच शिकतात. आमच्या गावात पाटीवरच्या अक्षरांवरून भांडणे होतात, पण 'इची, नी, सान' असे जपानीत एक-दोन-तीन म्हणताना मराठी शाळेची आणि कानडी शाळेची पोरे एकाच सुरात ओरडतात आणि एकाच सुरात चुकतातही.

मग आठवले, की आज दुसऱ्यांदा काता करताना सर हसून म्हणाले होते, "अरे, आज सगळ्यांचेच गुडघे दुखतात का?" माझा डावा गुडघा पावसाळ्यात पुरता वाकत नाही, त्यामुळे पुढचा गुडघा वाकवून उभे राहायची 'झेन्कुत्सु दाची' उथळ पडते, आणि माझ्यामागची अख्खी रांग तशीच उथळ उभी होती. माझ्या लगतची ती सात वर्षांची कानडी पोर तर 'योइ' ही तयार राहण्याची आज्ञा म्हणायच्या आधी डाव्या गुडघ्यावरून दोनदा तळवा फिरवत होती. तिचा गुडघा ठणठणीत आहे. तळवा मी फिरवते.

म्हणजे आजवर उजव्या टोकावरून मी ज्या आज्ञा दिल्या त्या ऐकल्या गेल्या, आणि शिकले गेले ते हे.

सरांनी हे जाणून केले, की त्यांना निव्वळ त्या मुलाचा खणखणीत आवाज हवा होता, हे मी विचारणार नाही. तेवढा ताठा तपकिरी पट्ट्याला शोभतो. एक वाक्य ते बोलायला हवे होते, या मतावर मात्र मी ठाम आहे. उद्या मेडिकलमधून नी-कॅप आणायची आहे. विजारीच्या आत अजिबात दिसणार नाही अशी पातळ बघून घ्यावी लागेल, नाहीतर शनिवारी निम्मी रांग आईबापांच्या मागे लागून नी-कॅप घालून यायची.