न दुखणाऱ्या खांद्यातली फाट

मी रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या खांद्यांवर प्रोब फिरवते आणि त्यांचे एमआरआय वाचते. मध्यंतरी माझाच डावा खांदा दुखायला लागला. त्या कुशीवर झोपता येईना, हात पाठीमागे नेऊन हूक लावणं म्हणजे दिव्यच. शेवटचा पेशंट गेल्यावर सहकारी मैत्रिणीला म्हटलं, आता माझाही बघ.

तुलनेसाठी दोन्ही बाजू पाहायची आमची पद्धत. डाव्या, ठणकणाऱ्या खांद्यातली सगळी टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, अखंड होती. उजव्या खांद्यात मात्र सुप्रास्पायनेटस या हात उचलणाऱ्या स्नायूच्या टेंडनला अर्धवट फाट आणि वरचा बर्सा, म्हणजे घर्षण कमी करणारी पातळ पिशवी, जाड झालेला. हा उजवा खांदा आजवर कधी कुरकुरलेला नाही. बाजू न सांगता या दोन सोनोग्राफी माझ्यासमोर ठेवल्या असत्या, तर दुखणारा खांदा उजवा, असं मीही बेधडक सांगितलं असतं.

डावीकडे होता फ्रोझन शोल्डर. तो मशीनपेक्षा हाताने लवकर कळतो. कोपर अंगाला चिकटवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवायचा. स्वतः वळवला तरी अडतो, आणि दुसऱ्याने वळवला तरी तिथेच अडतो. सांध्याभोवतीचं आवरण जाड आणि आखूड झालेलं असतं. चाळिशी ते साठीत, बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना हा जास्त होतो. एक्स-रे काढतात तो मुख्यतः सांध्याची झीज किंवा दुसरं काही नाही ना, हे बघायला.

त्याच सुमारास मामाचा फोन आला. ‘अगं, रिपोर्टमध्ये फाटलंय म्हणे! आता हात उचलू की नको?’ रिपोर्ट हातात पडेपर्यंत हा माणूस माळ्यावरचं सामान काढत होता, दुखत असतानाही. रिपोर्ट वाचल्यापासून हात गळ्यात बांधून बसला होता. खांद्यात त्या दोन दिवसांत काहीही बदललं नव्हतं.

त्याला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. न दुखणारे खांदे मुद्दाम तपासून पाहिलेले अभ्यास आहेत, आणि ते जुने आहेत. 1995 साली खांद्याची तक्रार नसलेल्या 96 जणांचे एमआरआय काढले, तर साठीपुढच्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या रोटेटर कफमध्ये, म्हणजे खांदा धरून ठेवणाऱ्या टेंडनच्या गटात, अर्धवट किंवा पूर्ण फाट निघाली. 2011 मध्ये चाळीस ते सत्तर वयाच्या, खांदा न दुखणाऱ्या 51 पुरुषांची सोनोग्राफी झाली. त्यातल्या 96 टक्क्यांच्या खांद्यात काही ना काही सापडलं: जाड बर्सा, खांद्याच्या वरच्या टोकाला कॉलरबोन जिथे जुळतं त्या एसी सांध्याची झीज, टेंडनमधले बदल. म्हणजे ‘नॉर्मल’ लिहिण्याजोगे जेमतेम दोघं उरले. जपानमध्ये एका गावातल्या 664 लोकांची तपासणी झाली होती, तिथे ज्यांचं टेंडन आरपार फाटलेलं होतं त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांना दुखतच नव्हतं.

मग चित्राचा आणि दुखण्याचा काही संबंधच नाही का? आहे, पण सैल आहे. न दुखणारी फाट पुढे मोठी होत गेली तर ती दुखायला लागण्याची शक्यता वाढते. उलट दुखणं घेऊन आलेल्या माणसांत फाट जितकी मोठी तितकं दुखणं जास्त, असं मात्र दिसत नाही. झोप लागत नसेल, खांद्यावर अचानक नवा भार पडला असेल, मनात धास्ती असेल, तर तेवढ्याच फाटेचा खांदा जास्त बोलतो.

हाडाच्या चोचीचंही असंच झालं. ॲक्रोमियन, म्हणजे खांद्याच्या छतासारखं असलेलं हाडाचं टोक, टेंडनला घासतं म्हणून दुखतं, हा विचार 1972 पासून रूढ झाला आणि ते हाड तासायची ऑपरेशनं जगभर होऊ लागली. ब्रिटनमध्ये 313 पेशंट घेऊन झालेला प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचं हाड तासलं, काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केलं नाही. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले, दोघांना सारखाच आराम. काहीच न केलेल्यांपेक्षा तो थोडा अधिक होता, पण रोजच्या जगण्यात जाणवेल इतका नाही. तरी ‘हाड टोचतंय’ हे वाक्य मला अजून दर आठवड्याला ऐकू येतं. चित्रात दाखवायला सोपं पडतं ना!

आमच्या रिपोर्टांवर माझा राग आहे तो इथे. आम्ही दिसेल ते सगळं लिहितो, कारण काही सुटलं तर जबाबदारी आमची. पण पंचावन्न वर्षांच्या खांद्यात हे किती सर्रास सापडतं, ते लिहीत नाही. मी अलीकडे शेवटी एक ओळ घालते: ‘असे बदल या वयात खांदा न दुखणाऱ्या व्यक्तींमध्येही बरेचदा आढळतात, तपासणीतल्या निष्कर्षांशी पडताळून पाहावे.’ एका सर्जनना ती आवडत नाही. त्यांचं म्हणणं, पेशंटला काय सांगायचं ते मी बघतो. पण रिपोर्ट पेशंटच्या हातात आधी पडतो!

आता याचा अर्थ एमआरआय काढूच नये असा कुणी लावू नका. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात एकदम उचलेनासा झाला, तर वेळ घालवू नये. ताजं फाटलेलं टेंडन मागे ओढलं जातं, स्नायूत चरबी भरत जाते, आणि मग ते जोडणं अवघड होतं. खांदा निखळला असेल, ताप येऊन सांधा सुजला असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तरी लवकर दाखवा. डाव्या खांद्याबरोबर छातीत दडपण किंवा घाम असेल तर सोनोग्राफी विसरा, थेट इमर्जन्सीत जा. आणि मान वळवल्यावर खांद्यात कळ येत असेल तर आधी मान तपासून घ्या.

मामाला पडल्याझडल्याचा इतिहास नव्हता, ताकदही बरी होती. फिजिओथेरपिस्टने हळूहळू वाढवत न्यायचे व्यायाम दिले. आता दुखणं पुष्कळ कमी आहे आणि त्याला फाट भरली का ते बघायला पुन्हा एमआरआय हवाय. मी नको म्हटलं. अमेरिकेत आपोआप आरपार फाट पडलेल्या पेशंटांना असाच व्यायाम दिला, तेव्हा दोन वर्षांत चतुर्थांशाहून कमी जणांना ऑपरेशन लागलं. व्यायामाने ती फाट शिवली जात नाही. बाकीचे स्नायू काम उचलतात आणि खांदा शांत होतो. मामाचा एमआरआय पुन्हा काढला, तर रिपोर्ट बहुतेक जुनाच येईल.