बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली

“डॉक्टर, मागच्या वेळी बीपी नॉर्मल आलं होतं ना, म्हणून गोळी बंद केली.” सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे आणि तेथे हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्या कानांवर पडते. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर चूक केल्याची खूण नसते. उलट आजार परतवून लावल्याचे समाधान असते. ताप उतरला की तापाची गोळी थांबवायची, पोट थांबले की जुलाबाचे औषध थांबवायचे, हे मीच त्याला आणि त्याच्या घरच्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. रक्तदाबाची गोळी तेवढी या नियमात बसत नाही, हेही आपण सांगितलेले आहे, अशी माझी समजूत होती. ती समजूत एका काकांमुळे मोडली.

हे काका पन्नाशी ओलांडलेले, दोन म्हशी आणि थोडा ऊस असलेले शेतकरी. गुडघा दुखतो म्हणून आले असता मी सहज रक्तदाब मोजला, तो १७०/१०४ निघाला. पुन्हा दोन वेळा बोलावून मोजला, तरी तो खाली येईना, म्हणून अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी आकडा १३४/८२ आला आणि मी आनंदाने म्हणालो, “काका, बीपी एकदम नॉर्मल आहे.” बाहेर पंचवीस माणसे बसली होती, त्यामुळे वाक्य तेथेच थांबले. त्यांनी ते जसे ऐकले तसेच घेतले आणि पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या कपाटावर ठेवून दिल्या. सात महिन्यांनी, पहाटे म्हशीची धार काढताना त्यांच्या उजव्या हातातून चरवी निसटली, तोंड वाकडे झाले आणि शब्द अडखळू लागले. घरच्यांना वाटले वारं गेलं. त्यांनी तेल चोळले, कांदा हुंगवला, नंतर एका गावात लकव्याचा झाडपाला मिळतो म्हणून तिकडे नेले. मोठ्या रुग्णालयात पोचून सीटी स्कॅन होईपर्यंत सहा तास उलटून गेले होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. काका वाचले, पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही.

मी त्यांना खोटे काही सांगितले नव्हते. पण “नॉर्मल आहे” आणि “गोळीमुळे नॉर्मल आहे” या दोन वाक्यांतले अंतर किती मोठे असते, हे मला त्यांच्या हाताकडे पाहून कळले.

या आजाराची अडचण अशी आहे की तो दुखत नाही. आपल्याकडे ‘त्रास’ आणि ‘आजार’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. त्रास नाही म्हणजे आजार नाही, असा सरळ हिशेब असतो आणि इतर बहुतेक बाबतींत तो चुकीचाही नसतो. डोके दुखले, चक्कर आली की बीपी वाढले असेल असे लोक म्हणतात, पण माझ्या टेबलासमोर १८०/११० घेऊन बसलेली बरीच माणसे दिवसभर भांगलण करून आलेली असतात आणि त्यांना काहीही होत नसते. त्या वेळी आत रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होत असतात, हृदयाचा स्नायू जास्तीच्या ओझ्याने फुगत असतो, मूत्रपिंडांच्या बारीक चाळण्या झिजत असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष वाढलेल्या रक्तदाबाचे किंवा त्यासाठी औषध घेणारे आढळले. म्हणजे माझ्या बाकड्यावर खोकल्यासाठी आलेल्या दहा प्रौढ माणसांत दोघांना तरी हा आजार असणार, असे धरूनच मला चालावे लागते.

मोजण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक तेथूनच सुरू होते. रुग्ण एसटीतून उतरून घाईने येतो, बाहेर चहा घेतो, तंबाखूची चिमूट किंवा बायकांच्या बाबतीत मिश्री नुकतीच लावलेली असते, आणि आत आल्याबरोबर आम्ही हाताला पट्टा गुंडाळतो. असा आकडा विश्वासाचा नसतो. मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा आणि तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकलेला असावा आणि मोजताना कोणी बोलू नये. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त येतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि फार मोठा आकडा नसेल तर एकाच दिवसाच्या मोजणीवर आयुष्यभराचे औषध सुरू करू नये. दवाखान्यात १४०/९० ही सीमा मानतात, घरच्या यंत्रावर मात्र १३५/८५, कारण डॉक्टरांसमोर काहींचा रक्तदाब नुसत्या धास्तीने चढतो. मी दारापाशी पाठ असलेली एक खुर्ची वेगळी ठेवली आहे. बीपी मोजायचे असलेल्या माणसाने आधी तेथे बसायचे. गर्दीच्या दिवशी कंपाउंडरची यावर कुरकुर असते, तरी ती खुर्ची मी हलवू दिलेली नाही.

आणखी एक प्रकार मला कळायला बराच वेळ लागला. तपासणीच्या दिवशी बरेच जण गोळी न घेता येतात. “आज तुमच्याकडं यायचं होतं, म्हणून घेतली नाही, खरं बीपी कळू दे.” त्यांच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणाच असतो. मला मात्र औषध लागू पडते आहे की नाही, हेच पाहायचे असते. गोळी चुकल्यामुळे वाढलेला आकडा पाहून मी औषध वाढवले, तर पुढच्या आठवड्यात हेच म्हातारे माणूस पहाटे उठताना चक्कर येऊन पडू शकते.

उपाशीपोटी रक्त तपासायचे असेल, तेव्हाही बीपीची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायला हरकत नसते. साखरेची गोळी मात्र रक्त देऊन झाल्यावर, जेवणाच्या वेळी घ्यायची. उपवासाचेही तसेच. एकादशीला किंवा नवरात्रात बीपीची गोळी बंद करण्याचे कारण नाही, पण मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन दिवसभर काही खाल्ले नाही तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, त्यामुळे त्याविषयी आधी विचारलेच पाहिजे. दोन्ही गोळ्या एकाच डबीत असतात आणि दोन्हींचे नियम मात्र वेगळे, हे घरातल्या निदान एका माणसाला ठाऊक असावे लागते.

गोळी बंद करण्याची कारणे मी आता रागावून विचारत नाही, कारण रागावलेल्या डॉक्टरला खरे कोणी सांगत नाही. “गोळ्या नियमित घेता ना?” या प्रश्नाचे उत्तर नेहमी “हो” असेच येते. त्याऐवजी “मावशी, गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी घ्यायची राहिली?” असे विचारले की बोटांवर मोजून खरा आकडा सांगतात. एका मावशींनी अशाच प्रश्नावर पाय पुढे करून दाखवले. घोट्यापाशी बोट दाबले तर खळगा पडत होता. अॅम्लोडिपिनने काही जणांच्या पायांना अशी सूज येते. ती मूत्रपिंड बिघडल्याची असतेच असे नाही आणि औषध बदलले की बहुधा उतरते. पण शेजारणीने “किडनी गेली” असे सांगितल्यामुळे मावशींनी दोन महिने गोळीला हात लावला नव्हता आणि मला वाईट वाटेल म्हणून मला काही सांगितलेही नव्हते. सूज, कोरडा खोकला, उभे राहताना येणारी चक्कर या तक्रारींवर दुसरी औषधे आहेत, फक्त त्या तक्रारी आमच्यापर्यंत पोचल्या पाहिजेत.

गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही रक्तदाब वाढवतात. नाव नसलेल्या पुड्यांची तर मला फारच भीती वाटते. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, दोन दिवसांत माणूस चालू लागतो आणि काही महिन्यांत बीपी आणि साखर दोन्ही हाताबाहेर जातात. मिठाचे सांगायचे तर दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, एवढी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. वरून मीठ घेत नाही म्हणणाऱ्यांच्या ताटातल्या लोणचे, पापड, फरसाण आणि सुक्या बोंबलातच ती संपून जाते.

पैशाचा प्रश्न पूर्वीइतका कठीण राहिलेला नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. ठरलेला औषधक्रम आणि महिनाभराच्या गोळ्या एकदम देणे हा त्याचा कणा. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या विनामूल्य मिळतात आणि जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त. कोणी तिकडून औषध घेतो म्हणाला तर मला आनंदच होतो. मोजायला मात्र माझ्याकडे या, एवढेच सांगतो.

खरी गाठ सुटत नाही ती गाव सोडून जाणाऱ्यांची. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या टोळ्या आमच्याकडे ऊसतोडीला येतात. गेल्या हंगामात एक बाई कोपीतून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतून, आल्या. “पांढरी बारीक गोळी होती, रात्रीची,” एवढीच त्यांच्या औषधाची ओळख त्यांना होती, आणि ती संपून तीन आठवडे झाले होते. रक्तदाब १७६/१०८. औषध पुन्हा सुरू केले, त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवला आणि शेवटची गोळी नाव छापलेल्या बाजूची उरेल अशा रीतीने दुसऱ्या टोकापासून गोळ्या काढायला शिकवले. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या रिकामी पाकिटे पदरात बांधून आल्या. १३८/८६. मी दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्यांच्या गावच्या डॉक्टरांसाठी कागदावर मोठ्या अक्षरांत औषधाचे नाव, दोन्ही आकडे आणि त्याखाली “गोळी चालू असताना” असे लिहिले. त्यांनी तो कागद मुलाकडून दोनदा वाचून घेतला आणि मग घडी करून रिकाम्या पाकिटांबरोबर पदरात बांधला.